तुझ्या सोयीसाठी, पण तुला न विचारता

वाचक लिहितात:

मावशी, नमस्कार. मी रत्नागिरीजवळ राहते. मासळीवर प्रक्रिया करून परदेशी पाठवणाऱ्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत सहा वर्षं काम करतेय. मुलगी आठ महिन्यांची आहे. बाळंतपणाची रजा संपवून जानेवारीअखेर कामावर रुजू झाले, तर माझं टेबल बदललेलं होतं. नमुने तपासायचं आणि अहवालावर सही करायचं काम दुसऱ्याकडे गेलंय, मला रेकॉर्डला बसवलंय. मॅनेजर म्हणाले, "तुझ्या सोयीसाठीच केलंय, आता तुला दगदग नको." मूळ पगार तोच आहे, पण प्रयोगशाळेचा भत्ता गेला. पाचला निघाले की एक सहकारी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणतो, "बाईंची सुटली शाळा!" कायम माणसं साठेक आहोत, सीझनला कोळंबी सोलायला येणाऱ्या बायका वेगळ्या. पाळणाघर नाही. विचारलं तर म्हणाले, "आपल्याकडे तशी पद्धत नाही."

नवरा मुंबईला नोकरीला, पंधरा दिवसांनी येतो. बाळ सासूबाईंजवळ असतं. त्यांचे गुडघे दुखतात, पण त्या बोलत नाहीत. एवढंच म्हणतात, "आम्ही नाय का पोरं वाढवली? बांधावरच्या आंब्याला झोळी बांधून लावणी केली." परवा घरी आले तर मुलगी माझ्याकडे झेपावलीच नाही, आजीच्या खांद्याला चिकटून राहिली. त्याच रात्री राजीनामा लिहिला. अजून दिलेला नाही. कंपनीतल्या बाथरूममध्ये जाऊन दूध पिळून टाकते आणि तिथेच रडते. सगळे म्हणतात, पोरगी मोठी झाली की बघ नोकरीचं. मी काय करू?

मावशींचं उत्तर:

प्रिय मुली,

राजीनामा एवढ्यात देऊ नकोस. नोकरी सोडूच नये असं माझं म्हणणं नाही. विचार करून सोडलीस तर मी तुझ्याच बाजूने उभी राहीन. पण रुजू होऊन दोन-अडीच महिनेच झालेत, रात्रीची झोप पुरी होत नाही, अंगावरचं दूध चालू आहे. बाईच्या आयुष्यातले हे फार अवघड महिने असतात आणि त्यात घेतलेला निर्णय पुढची वीस वर्षं निस्तरावा लागतो.

तुझं पत्र वाचताना एक गोष्ट मला सारखी खुपत होती. या सगळ्यात कुणी कुणाला काही विचारलेलंच नाही. मॅनेजरने टेबल बदललं, तुला विचारलं नाही. नवऱ्याने पंधरा दिवसांची फेरी तशीच चालू ठेवली, ती तुला पुरते का हे विचारलं नाही. "मोठी झाली की बघ" म्हणणाऱ्यांनी तुला काय हवंय ते विचारलं नाही. आणि रागावू नकोस, पण सासूबाईंना किती झेपतं हे तूही विचारलेलं दिसत नाही. जो तो दुसऱ्याच्या वतीने ठरवून मोकळा झालाय. ही माणसं वाईट नाहीत. पण दुसऱ्याची सोय बघायची तर आधी त्याला विचारावं लागतं, एवढं साधं कुणी केलेलं नाही.

आधी मुलीचं बोलू, कारण राजीनामा त्याच रात्री लिहिलास. आठव्या-नवव्या महिन्यात मुलांना आपलं माणूस आणि परकं माणूस यातला फरक नीट कळू लागतो. दिवसभर जिच्या अंगाखांद्यावर असतात तिला ती घट्ट धरतात, एका हातातून दुसऱ्या हातात जायला कुरकुरतात. हे वाढीचंच लक्षण आहे. ती तुला विसरलेली नाही. उलट, तुझ्यामागे घरात तिला सुरक्षित वाटतं असा त्याचा अर्थ होतो. ज्या आईला कामाला जायचंय तिला यापेक्षा काय हवं? घरी गेल्यावर लगेच हात पसरू नकोस. कपडे बदल, हातपाय धू, सासूबाईंच्या शेजारी बस, मुलीशी बोल, मग ती आपणहून येते का बघ. रात्री पाजताना दिवा मालवून अर्धा तास फक्त तिची राहा. फोन दुसऱ्या खोलीत ठेव.

बाथरूममधलं रडणं मात्र मी सोडून देणार नाही. बाळंतपणानंतर मन खचणं हा आजार असू शकतो. तो पहिल्या महिन्यातच होतो असं नाही, वर्षभरात कधीही डोकं वर काढतो आणि उपचाराने बराही होतो. बाळ झोपलेलं असूनही तुला झोप येत नसेल, कशातच मन लागत नसेल, आपण आई म्हणून कुचकामी आहोत असं रोज वाटत असेल, तर ज्यांच्याकडे बाळंतपण झालं त्या डॉक्टरांना स्पष्ट सांग. टेलि-मानसचा 14416 हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. हे या आठवड्यातच कर, बाकीचं मागाहून.

आता टेबलाचं. सहा वर्षं तू बांगड्यातलं हिस्टामिन, म्हणजे मासा खराब होताना तयार होणारा घातक घटक, तपासलंस, इन्क्युबेटरमधून जंतू वाढवायच्या प्लेट्स काढून त्यांचे ठिपके मोजलेस, तुझी सही झाली की कंटेनर सुटायचा. ते काम काढून घेऊन वर "सोय" म्हणायचं, हे तुला लागलं ते बरोबरच लागलं. मुलामुळे तुझे तास बदलले असतील, तुझं डोकं बदललेलं नाही. कायदाही इथे तुझ्या बाजूने आहे. 1961च्या मातृत्व लाभ कायद्यापासूनच प्रसूतीच्या रजेवर गेली म्हणून बाईला काढता येत नाही, तशाच तिच्या नोकरीच्या अटी तिला तोटा होईल अशा बदलता येत नाहीत. तुझा भत्ता गेलाय, म्हणजे तोटा झालाच. नोव्हेंबर 2025पासून या कायद्याची जागा 2020च्या सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे, पण मुख्य तरतुदी तिच्यातही आहेत, त्यामुळे "तो जुना कायदा आता गेला" असं कुणी सांगितलं तर बिचकू नकोस.

पण कायद्याचं कलम हातात धरून केबिनमध्ये शिरू नकोस. ते बोलणं मागे ठेव. पुढे तुझ्या कामाचा आराखडा ठेव, कारण मॅनेजरची खरी धास्ती वेगळी असते. ही अर्ध्यात गेली तर नमुन्यांचं काय, हा प्रश्न त्याला झोपू देत नाही. त्याचं उत्तर तूच घेऊन जा. आणि तुझ्या धंद्यात ते उत्तर दर्याच देतो. आत्ता एप्रिल चाललाय. 1 जून ते 31 जुलै मासेमारीला बंदी, बोटी किनाऱ्याला लागतात, ताज्या मालाची आवक थांबते. म्हणजे तुला सवलत लागणार ते दिवस आणि कंपनीला तुझी गरज कमी असणार ते दिवस बरेचसे एकच आहेत. ऑगस्टमध्ये बोटी पुन्हा दर्यात जातील तेव्हा मुलगी वर्षाची होईल, वरणभात, नाचणीचं सत्त्व खाऊ लागलेली असेल.

म्हणून अर्ज असा लिही. मे अखेरपर्यंत सकाळची पाळी, प्रयोगशाळेतच, सहीच्या अधिकारासह. प्लेट्स ठरलेल्या तासांनीच वाचाव्या लागतात, तेव्हा त्या कधी लावल्या की सकाळच्या पाळीत वाचता येतील याचा तक्ता जोड. तो तुझ्याइतका चांगला कुणालाच जमणार नाही. बंदीच्या दोन महिन्यांत आठवड्यातले दोन दिवस रेकॉर्डचं काम घरून. रजेनंतर घरून काम करायची तरतूद मातृत्व लाभ कायद्याच्या 2017च्या दुरुस्तीत आलेली आहे. कामाचं स्वरूप तसं असेल तर दोघांनी मिळून ठरवायचं, एवढंच तिथे म्हटलंय. प्लेट घरी वाचता येत नाहीत, पण निर्यातीची कागदपत्रं वाचता येतात. ऑगस्टपासून पूर्ण काम, रात्रपाळी सोडून, आणि रात्रपाळीचं दिवाळीनंतर पुन्हा बोलू असं लिही. भत्ता पहिल्यासारखा सुरू करावा हे शेवटी, एका ओळीत. अर्जाची प्रत घे, पोच घे. तोंडी बोलणं कितीही गोड झालं तरी दुसऱ्या दिवशी त्याचा सारांश ईमेलने पाठव.

आता दूध. ते बाथरूममध्ये पिळून टाकतेस हे वाचून मला फार वाईट वाटलं. मूल 15 महिन्यांचं होईपर्यंत जेवणाच्या सुट्टीखेरीज दिवसातून दोनदा पाजण्यासाठी सुट्टी हा तुझा हक्क आहे. घर जवळ असेल तर एक सुट्टी जेवणाला जोडून घरी जाऊन येता येतं का बघ. लांब असेल तर आतून कडी लागणारी, स्वच्छ, खुर्ची असलेली एक खोली माग. रिकामी मीटिंगची खोली चालते. बाथरूम चालत नाही, आणि अन्नपदार्थांच्या कंपनीतल्या माणसाला हे समजावून सांगायला लागू नये. काढलेलं दूध 25 अंशांपर्यंतच्या हवेत चारेक तास टिकतं, पण आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये तेवढा गारवा एसीच्या खोलीशिवाय मिळत नाही. तेव्हा घरून गोठवलेले जेल पॅक घालून छोटा आइस बॉक्स ने, त्यात 24 तासांपर्यंत राहतं. घरी फ्रीजमध्ये चार दिवस. पावसात लाइट गेली आणि फ्रीजमधला गारवा उतरला तर ते दूध वापरू नका. प्रयोगशाळेच्या फ्रीजमध्ये नमुने आणि रसायनं असतात, तिथे दूध ठेवायचं नाही हे तुला सांगायला नको. कंपनीत बर्फाचे ढीग असले तरी तो बर्फही नको.

पाळणाघराचं मला जरा सविस्तर सांगायचंय. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असले की पाळणाघराची सोय करणं मालकावर बंधनकारक आहे, 2017पासून. आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यायचं, त्यात विश्रांतीची सुट्टीही धरलेली आहे. तुम्ही साठ जण आहात, तेव्हा पद्धत असण्या-नसण्याचा प्रश्नच नाही. एकट्या कंपनीला परवडत नसेल तर काही आस्थापनांनी मिळून एक चालवायला, किंवा सरकारी, नगरपालिकेच्या, संस्थेच्या पाळणाघराची सोय घ्यायला 2020च्या संहितेने मोकळीक दिली आहे. औद्योगिक वसाहतीत शेजारी शेजारी कंपन्या असतात. तीन-चार मॅनेजर एका टेबलाशी बसले तर हे होण्यासारखं आहे.

पण ही मागणी एकटीने करू नकोस. कोळंबी सोलायला येणाऱ्या बायकांशी बोल. पहाटे गाडी येते, गमबूट घालून थंड पाण्यात हात घालून त्या तासन्‌तास उभ्या असतात. त्यांची तान्ही मुलं कुठे असतात, कधी विचारलंयस? बरेचदा आठ-नऊ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर, आणि त्या बहिणीची शाळा बुडते. पाळणाघराची गरज तुझ्यापेक्षा त्यांना जास्त आहे आणि बोलायची ताकद त्यांच्यापेक्षा तुझ्याकडे जास्त आहे. तुझी एकटीची मागणी ही "एका बाईची अडचण" ठरते, पंधरा सह्या असल्या की तो कंपनीचा विषय होतो.

सासूबाईंचं झोळीचं वाक्य तुला टोमणा वाटलं असेल. मला त्यात फार मोलाची गोष्ट दिसली. कोकणातली बाई कधी घरी बसून नव्हती. लावणी, भाजावळ, बंदरावरची मासळी, काजूच्या बिया, सगळीकडे ती होतीच. पण तेव्हा कामाच्या जागी मुलाला जागा होती. झोळी बांधावर होती, रडलं की आई चार पावलांवर होती. कारखान्याचं गेट आलं आणि मूल बाहेर राहिलं. तेव्हा सासूबाईंना सांग की आई, तुमच्यासारखीच झोळी मला कामावर बांधायचीय, त्यासाठीच भांडतेय. बघ, त्या तुझ्या बाजूने बोलायला लागतात की नाही.

त्या सहकाऱ्याचं. टोमणा मारणं चूकच. पण पाचनंतरच्या प्लेट्स त्याच्या गळ्यात पडल्यात का, त्याबद्दल त्याला काही मिळतं का, हे बघ. बहुधा त्यालाही कुणी विचारलेलं नसेल. आईला सवलत द्यायची आणि तिचं काम गुपचूप शेजारच्याच्या टेबलावर सरकवायचं, याला आधार म्हणत नाहीत. त्याने दोघं एकमेकांवर चिडतात आणि मॅनेजर नामानिराळा राहतो. चहाच्या वेळी त्याला बाजूला घेऊन थेट विचार, माझ्यामुळे तुमचं काय वाढलंय? जे सांगेल ते आपल्या अर्जात घाल, जादा कामाचा मोबदला किंवा पाळीची अदलाबदल म्हणून. त्याच्या घरीही म्हातारं माणूस असेल, त्यालाही कधी लवकर निघावं लागत असेल. त्या दिवशी तू थांब. एवढं करूनही टोमणे चालूच राहिले तर मॅनेजरला लेखी कळव.

तुझ्या मॅनेजरच्या हातात हे उत्तर पडलं तर त्यांनाही सांगते. साहेब, सहा वर्षं शिकवून तयार झालेली मुलगी गेली तर नवीन माणूस तयार करायला एक अख्खा सीझन जातो. तिची काळजी तुम्हाला आहे हे मला पत्रातून दिसतंय. फक्त टेबल बदलायच्या आधी पाच मिनिटं तिच्याशी बोलायला हवं होतं. अजूनही बोलता येईल.

आणि दिवाळीपर्यंत काहीच हललं नाही तर? तर रत्नागिरीत सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात लेखी तक्रार कर, किंवा दुसरीकडे नोकरी बघ. दोन्हीत कमीपणा नाही. पण सोडताना रागाने सोडू नकोस. पाच वर्षं पूर्ण झाल्यामुळे तुला ग्रॅच्युइटी मिळते, प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांचा पगार, आणि प्रसूतीची 26 आठवड्यांची रजाही नोकरीतच मोजली जाते. पीएफ काढून टाकू नकोस, नव्या ठिकाणी वळता कर. अनुभवाच्या दाखल्यावर प्रयोगशाळा आणि सहीचा अधिकार हे शब्द असलेच पाहिजेत, रेकॉर्डच्या टेबलाचा दाखला घेऊन बाहेर पडू नकोस.

आता नवऱ्याचं. पत्रात त्याच्यावर एकच ओळ आहे, त्यावरून मला बरंच कळलं. दादरहून मध्यरात्री तुतारी एक्स्प्रेस पकडून सकाळी तो घरी पोचतो, थकलेला असतो, हे मी समजू शकते. पण आपल्याकडच्या प्रत्येक चाकरमान्याला गणपतीची रजा मिळते. साहेब नाही म्हणाला तरी मिळवतात, महिनोन्‌महिने आधी तिकीट काढतात, उभ्याने प्रवास करतात, पगार कापला तरी येतात. कारण ते ठरलेलं असतं. मग मुलीसाठी तीन आठवड्यांची रजा का मिळत नाही? केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला मूल झाल्यावर 15 दिवसांची रजा आहे, खासगी नोकरीत तसा कायदा नाही, हे खरं. पण साठलेली रजा असते, बिनपगारी रजा असते. त्याने एकदा तरी अर्ज टाकून नकार आणला होता का, विचार. आणि मुंबईच्या नोकरीचं पुढे काय, तो इकडे येणार की तुम्ही तिकडे जाणार, हेही दोघांनी बसून बोला. मूल झाल्यावर नोकरी कुणी सोडायची हा प्रश्न फक्त तुलाच पडलाय, त्याला पडलेला नाही, याचं मला वाईट वाटतं.

त्याने मे महिन्यात तीन आठवडे यावं. पाहुणा म्हणून नको. सकाळी मुलीला अंघोळ घालणं, भरवणं, झोपवणं, दुपारी दूध काढायच्या पंपाच्या बाटल्या उकळणं, सगळं त्याने करायचं. तू कंपनीतून दर तासाला फोन करू नकोस, त्याचं चुकेल आणि चुकून शिकेल. सासूबाईंशी आधी तू स्वतः बोल. दिवसातले किती तास जमतात, उचलणं झेपतं का, दुपारी दोन तास मदतीला शेजारची कुणी मुलगी ठेवू का, असं नीट विचार. त्या "काय नाय गो, होतंय" म्हणतील. तरी पुन्हा विचार. गुडघ्यांसाठी त्यांना हाडांच्या डॉक्टरकडे न्यायचं काम मात्र त्या तीन आठवड्यांत नवऱ्यालाच दे. आई त्याची आहे.

तुझी,
मावशी